डाव्या पायाची मोजणी

आमच्या घरमालकांचा डावा पाय मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा तो निळा होता. सगळा नव्हे. मांडीच्या बाहेरच्या कडेने एक निळी रेघ निघत होती, गुडघ्याला वळसा घालून पोटरीच्या बाहेरून उतरत होती आणि पावलावरून तिरकी जाऊन अंगठ्याशी संपत होती. रेघेवर दर चार बोटांवर फुली होती आणि प्रत्येक फुलीशेजारी आकडा. लेंगा मांडीपर्यंत गुंडाळून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, तोंडात पेनचं टोपण धरून ते सतरावी फुली मारत होते.

"तात्या, हे काय?"

"टिपण," ते टोपण काढून म्हणाले. "कच्चं हाय अजून. उभ्या का, बसा की बाई."

टिपण म्हणजे मोजणीदार शेतात उभा राहून हातानं काढतो तो नकाशा. तात्यांनी चाळीस वर्षं मोजणी खात्यात नोकरी करून इंदापूर आणि बारामती तालुक्यांत अशी किती टिपणं काढली असतील ते त्यांनाही माहीत नव्हतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. "जमीन संपली म्हणून आता पाय घेतलाय," काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ह्यो झाला की माजा नंबर."

मी तेव्हा इंदापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते आणि निमगाव केतकीत तात्यांच्या घरावरची खोली भाड्याने घेतली होती. खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला दारातच थांबवलं, खिशातून टेप काढला आणि खोली मोजली. "फोनवर तुमाला दहा बाय बारा सांगितली हुती. नऊ फूट दहा इंच भरतीय. माझी चूक. चालंल का?" मी म्हटलं, चालेल. त्यांना माझं उत्तर फार घाईचं वाटलं. पलंग कुठे ठेवणार ते विचारून, तेवढी जागा पुन्हा मोजून, मगच त्यांनी किल्ली दिली.

टेपवरही त्यांचा विश्वास नव्हता. मागच्या अंगणात दोन खुंट्या पुरलेल्या होत्या, बरोबर वीस फुटांवर. टेप बाहेर काढला की आधी त्या खुंट्यांना लावून बघायचा, मग वापरायचा. ही सवय लोखंडी साखळीच्या दिवसांतली. साखळी ओढून ओढून कड्या उघडतात आणि ती बोटभर, दोन बोटं लांब होते. मग त्या साखळीनं मोजलेलं प्रत्येक शेत कमी भरतं आणि गावात डोकी फुटतात. "आधी साखळी मोजायची, मग जमीन," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, "दगड आधी." मोजणी ज्या दगडापासून सुरू करायची तो मुळात जागेवर आहे का, हे तपासल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. आणि तिसरं, "मोजल्याशिवाय सही न्हाय." आठवड्याच्या बाजाराला जाताना ते खिशात स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन घेऊन जात आणि भाजीवाल्याच्या काट्यावर आधी ते ठेवत. भाजीवाले हसत, पण काटा पुसून घेत.

थर्मामीटर घरात आला तेव्हा त्यांनी तो आधी मला लावला, कारण मला ताप नव्हता.

असा माणूस स्वतःच्या दुखऱ्या पायाकडे दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघणार? कळ कुठे सुरू होते, कुठून उतरते, कुठे थांबते, याची ते रोज फुली मारत. खोकलं की सतरा नंबरच्या फुलीपर्यंत जाते. बसलं की वाढते, पडून राहिलं की उतरते. चालताना पहिली शंभर पावलं बरी, पुढची नकोत. वेदना ही कण्हायची गोष्ट आहे असं त्यांना वाटत नसे. तो एक अर्ज होता आणि अर्जाची चौकशी झाली पाहिजे.

चार महिने त्यांनी पोटरीची चौकशी केली. तिला तीळतेल लावलं, गरम वाळूची पुरचुंडी लावली, पट्टा बांधला, तिच्यासाठी नव्या चपला घेतल्या. पोटरी दाद देईना. मग त्यांनी इतरांचे पाय मोजायला घेतले.

निमगावात आणि आसपास पाय दुखणाऱ्या माणसांना तोटा नाही. डाळिंबाच्या बागेत वाकून वाकून, ट्रॅक्टरवर धक्के खाऊन, उसाच्या मोळ्या उचलून माणसं लंगडत असतात. तात्यांनी निरोप धाडले आणि ती येऊ लागली. अंगणात पाटावर बसवायचं, कळ कुठून जाते ते बोटानं दाखवायला सांगायचं आणि पेन घेऊन रेघ ओढायची. वरकुट्याची एक आजी आली होती, अर्धं आयुष्य मेंढरांमागे फिरलेली. पायावर पेन टेकताच तिने पाय मागे घेतला.

"माज्या पायाची मोजणी करून कुणाच्या नावावर लावतूस रं सायबा?"

"तुमच्याच, आजी. सातबारा काढून देतो."

"मग जरा पाऊल वाढवून लिव्ह. आमच्या वाट्याला नेमी कमीच येतं."

तिची रेघ टाचेकडे उतरली आणि करंगळीशी संपली. डाळिंबवाल्या एका शेतकऱ्याचीही तशीच. एका एसटी ड्रायव्हरची तात्यांसारखी, अंगठ्याला. एकाची मांडीच्या पुढून गुडघ्यावर आली आणि नडगीच्या आतल्या अंगाने उतरली. दीड महिन्यात एकवीस पाय झाले. एके संध्याकाळी त्यांनी मला खाली हाक मारली आणि सगळे कागद चटईवर पसरले.

"बाई, ह्ये बघा. माणसं एकवीस. गावं येगळी, वयं येगळी. वाटा तीनच. असं कसं?"

मी वर गेले आणि माझं जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यात पायाचं एक चित्र आहे, रंगीत पट्ट्यांचं. कुठल्या नसेच्या मुळाकडे पायाचा कुठला पट्टा आहे ते दाखवणारं. तात्यांनी चित्र पाहिलं. मग आपले कागद पाहिले. मग पुन्हा चित्र. कमरेच्या चौथ्या मुळाचा पट्टा गुडघ्यावरून आत. पाचव्याचा पोटरीच्या बाहेरून अंगठ्याला. त्याखालच्या मुळाचा टाचेवरून करंगळीला. तीन वाटा.

"कुणी केली ही मोजणी?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. एका मोजणीदारानं दुसऱ्याची विचारपूस करावी तसं.

मी सांगितलं की अनेकांनी केली, आणि सगळ्यांच्या सीमा एकसारख्या नाहीत. शेजारचे पट्टे एकमेकांत शिरलेले असतात. मधल्या जागेवर दोन मुळांचा अंमल असतो. हे त्यांना अजिबात आवडलं नाही. "एका पट्ट्यावर दोघांचा ताबा? आन् भांडण न्हाय?" भांडण नाही म्हटल्यावर ते बराच वेळ माझ्याकडे संशयाने बघत होते.

मग मी त्यांना समजावलं, म्हणजे वर्गात समजावते तसं. कमरेत पाच मणके. दोन मणक्यांच्या मधे एक गादी. गादीचं आवरण चिवट, आत मऊ गर. वाकून वजन उचललं, की गर मागे ढकलला जातो. आवरण झिजलेलं असेल तर त्याला चीर जाते आणि गर बाहेर डोकावतो. नेमकं तिथूनच पायाकडे जाणाऱ्या नसेचं मूळ उतरत असतं. गर त्याला दाबतो, आणि नुसता दाबत नाही, चिडवतोही, मूळ सुजतं.

काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. "म्हंजे पोळी लाटताना कड फुटून पुरण भाईर येतं, तसं."

"अगदी तसंच, काकू."

"मग ती चूक पोळीची न्हाय. लाटणाऱ्याची." आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

तात्यांचं लक्ष नव्हतं. "दाबलंय कमरेत, तर कमरेत दुखावं. अंगठ्याचा काय संबंध?"

"अंगठ्याची बातमी मेंदूकडे नेणारी तार त्या मुळातून जाते. तारेला मधेच कुठे धक्का लागला, तरी मेंदूला एवढंच कळतं की अंगठ्याच्या तारेवर काहीतरी आलंय. तो धरून चालतो की अंगठाच ओरडतोय."

"म्हंजे अर्ज अंगठ्याच्या नावानं येतो."

"हो."

"आन् सायेब कचेरीत बसून अंगठ्याचा पंचनामा करतो. जागेवर जात न्हाय."

"मेंदूला जागेवर जाता येत नाही, तात्या."

"सगळे सायेब ह्येच सांगत्यात."

काकूंनी मग शांतपणे वरकुट्याच्या दगडाचा विषय काढला. वरकुट्यात तात्यांची दीड एकर जमीन होती. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने कोपऱ्यातला हद्दीचा दगड हातभर सरकला होता. शेजारी म्हणाला, संध्याकाळी दोघं मिळून बसवू. तात्यांना सरकलेला दगड संध्याकाळपर्यंत बघवेना. त्यांनी एकट्यानं, कमरेत वाकून, तो उचलून जागेवर ठेवला. कमरेत कळ आली आणि दोन दिवसांत गेली. पाय दुखायला लागला तो तीन आठवड्यांनी. दोन्हींचा संबंध त्यांनी कधी लावलाच नाही.

"मी म्हणलं हुतं, दोन माणसं बोलवा," काकू म्हणाल्या.

तात्यांनी चटईवरचे कागद गोळा केले. ओशाळलेला माणूस मी पुष्कळ वेळा पाहिला आहे, पण स्वतःच्या धंद्यापुढे ओशाळलेला माणूस त्या दिवशी पाहिला. "चाळीस वर्सं लोकांना सांगितलं, दगड आधी," ते म्हणाले. "आन् सोता पोटरीपासनं मोजत बसलो."

बारामतीला मीही त्यांच्याबरोबर गेले. मणक्याचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी तात्यांना टेबलावर निजवलं आणि डावा पाय सरळ ठेवून उचलायला घेतला. "आधी उजवा बघा," तात्या म्हणाले. डॉक्टरांनी का म्हणून विचारलं. "साखळी बरोबर हाय का कळंल." डॉक्टरांनी उजवा उचलला; तो छताकडे गेला. डावा वीतभर उचलला आणि तात्या टेबलाची कड धरून म्हणाले, "थांबा. हद्द." पाय उचलला की नस ताणली जाते, आणि दबलेल्या नसेला ताण सोसत नाही; एवढ्या साध्या तपासणीवर ते निहायत खूश झाले. एमआरआयच्या फोटोत चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी मागे फुगलेली दिसत होती आणि पाचवं मूळ तिच्याखाली चेपलेलं. तात्यांनी खिशातून आपला नकाशा काढून फोटोशेजारी धरला. डॉक्टरांनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि झेरॉक्स काढून ठेवू का, असं विचारलं. येताना गाडीत सणसर येईपर्यंत तात्या फक्त त्या झेरॉक्सबद्दल बोलत होते.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालत राहा म्हणाले, वजन उचलू नका म्हणाले. बहुतेकांचा बाहेर आलेला गर हळूहळू शोषला जातो आणि माणूस आपोआप बरा होतो. (या दुखण्यावर इतके अक्सीर इलाज का आहेत ते मला तेव्हा कळलं. माणूस आपोआप बरा होत असताना जो शेजारी उभा असेल, त्याला श्रेय मिळतं.) मग त्यांनी तात्यांना पायाचा अंगठा वर उचलायला सांगितला आणि वरून बोटाने दाबला. अंगठा हटला नाही.

"आज ताकद आहे. रोज सकाळी दहा पावलं टाचांवर चालायचं, दहा चवड्यांवर. टाचेवर चालता आलं नाही, किंवा दोन्ही मांड्यांच्या मधे बधिर वाटलं, किंवा लघवी अडली, तर दुखत असो किंवा नसो, त्याच दिवशी यायचं."

हे वाक्य तात्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि कॅलेंडरशेजारी चिकटवलं. "दुखत असो किंवा नसो" याखाली त्यांनी रेघ ओढली.

तेव्हापासून माझा दिवस त्यांच्या पावलांनी सुरू होऊ लागला. सकाळी सहाला खाली शहाबादी फरशीवर दहा पावलं टाचांची वाजत, ठक ठक. मग चवड्यांची, जवळजवळ न वाजणारी. वरच्या खोलीत चहा उकळत असताना मी नकळत मोजत असे. दहा झाली की चहा गाळायचा.

याच सुमारास काकूंच्या चुलतभावाने गावात वेदनामुक्तीचं शिबिर आणलं. शिबिराचे प्रमुख ना डॉक्टर होते, ना महाराज. फलकावर त्यांच्या नावाआधी तीन पदव्या होत्या आणि नावानंतर चार. मधलं नाव शोधावं लागत असे. ते माणसाला लाकडी बाकावर पालथं पाडत, कमरेला पट्टा आवळत, काहीतरी पुटपुटत आणि एक हिसका देत. तात्यांना जायचं नव्हतं. पण मेव्हणा घरी येऊन बसला, चहा प्यायला आणि उठेना. बायकोच्या माहेरच्या माणसाला नाही म्हणायचं कसं, याचं टिपण तात्यांकडे नव्हतं.

हिसका बसला त्यानंतर चौथ्या दिवशी तात्यांचं दुखणं गेलं. सपशेल. खोकून बघितलं, बसून बघितलं, वरकुट्यापर्यंत जाऊन आले. सतरा नंबरची फुली गप्प. काकूंनी पेढे वाटले. तात्यांनी सहा महिन्यांनी पाय साबणाने स्वच्छ धुतला. "आता मोजायचं काय?" ते म्हणाले. "वाद मिटला की मोजणीदाराला कोण बोलावतं?" आणि सकाळची दहा-दहा पावलंही बंद झाली.

मी थोडीशी हिरमुसले. माझा त्या पट्टा आवळणाऱ्यावर विश्वास नव्हता आणि त्याने मला खोटं पाडलं होतं. पुढचे पाच-सहा दिवस मी तात्यांकडे जरा कमीच गेले. वरून त्यांच्या येण्या-जाण्याचा आवाज तेवढा ऐकू येई. त्यात काहीतरी बदललं होतं. एक पाऊल ठक, दुसरं फट्. ठक, फट्. मला वाटलं, नव्या चपला असतील. काकू एकदा म्हणाल्यासुद्धा, "ह्येंची डावी चप्पल सारकी मागं ऱ्हातीया. परवा मारुतीच्या देवळापातूर गेलं आन् चप्पल अर्ध्या वाटंवर." आम्ही दोघी हसलो. नस बातमी वर नेते आणि हुकूम खाली नेते, दोन्ही एकाच मुळातून, हे मी दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवत होते.

शिबिराच्या सांगतेला बऱ्या झालेल्या रुग्णांचा सत्कार होता. बाजाराच्या मैदानावर मांडव, लाकडी स्टेज, सात खुर्च्या आणि त्यांवर बसायला अकरा मान्यवर. फलकावर तात्यांचा फोटो होता, कुठल्यातरी लग्नातला, फेट्यासकट. निवेदक प्रत्येक पाहुण्याच्या नावाआधी इतकी विशेषणं लावत होता की पाहुणा अर्धा उठून पुन्हा बसत होता. मी आणि काकू तिसऱ्या रांगेत. शेवटी तात्यांना पुकारलं.

स्टेजला तीन पायऱ्या होत्या. तात्यांनी चपला खाली काढल्या. पहिल्या पायरीला डाव्या पायाचा अंगठा अडखळला. दुसऱ्या पायरीलाही. लोकांना वाटलं, म्हातारा लाजतोय, टाळ्या वाढल्या. मग ते अनवाणी पायांनी लाकडी फळ्यांवरून चालू लागले आणि माईकमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. ठक. फट्. ठक. फट्.

चप्पल नव्हतीच पायात.

मी आयुष्यात सभेत उभी राहिलेली नाही. सभांबद्दल घरी येऊन बोलावं, या मताची मी आहे. पण मी उभी राहिले, आणि वर्गातल्या मागच्या बाकासाठी राखून ठेवलेल्या आवाजात ओरडले, "तात्या! टाचांवर चाला!"

निवेदक म्हणाला, "ताई, प्रश्नोत्तरं नंतर." मेव्हण्याने शाल उलगडून पुढे केली होती, प्रमुखांच्या हातात एक कागद होता, 'मी पूर्णपणे वेदनामुक्त झालो आहे' असं छापलेला, खाली सहीची जागा ठेवलेला. तात्या माझ्याकडे बघत होते. कॅलेंडरशेजारचा कागद त्यांना आठवला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम कामावरच्या माणसाचा झाला.

"एक मिनिट," ते प्रमुखांना म्हणाले. "मोजल्याशिवाय सही न्हाय."

ते स्टेजच्या मधोमध आले, दोन्ही हात बाजूला धरले आणि टाचांवर उभं राहायला गेले. उजवं पाऊल वर उचललं गेलं. डावं तसंच फळीला चिकटून राहिलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, मान ताठ झाली, सगळं अंग वर ओढलं गेलं. डाव्या अंगठ्याने ऐकलं नाही.

"ते होईल हळूहळू," प्रमुख म्हणाले. "आधी सत्कार घ्या. दुखतंय का? नाही ना?"

"दुखत न्हाय," तात्या म्हणाले. मग त्यांनी माईक हातात घेतला. "मंडळी, दुखायचं थांबलंय, ह्ये खरं हाय. पण शेजारचा खातेदार गप बसला म्हंजे हद्द बरूबर हाय, असं न्हाय. कधी कधी त्यो गाव सोडून गेल्याला असतो."

माईक त्यांनी जपून जागेवर ठेवला आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरले. काकू तोवर त्यांच्या चपला हातात घेऊन उभ्या होत्या. शाल राहिली. नारळ कसा कोण जाणे, आमच्याबरोबर आला. मेव्हणा मात्र मागोमाग पळत आला आणि न बोलता गाडीचं दार उघडून चालकाच्या जागेवर बसला, हे त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे. गाडीच्या मागच्या काचेवर वेदनामुक्तीचा फलक होता. तो घेऊनच आम्ही बारामतीला गेलो.

वाटेत तात्यांनी एकच प्रश्न विचारला. "बाई, तुमी कधी ऐकलं?"

"पाच-सहा दिवसांपूर्वी."

"मंग?"

"मला वाटलं, नव्या चपला."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मला वाटलं, बरा झालो," ते म्हणाले. "दोघांचीबी साखळी लांब झाल्ती."

गर सुटा होऊन मुळावर बसला होता. मूळ इतकं चेपलं गेलं होतं की ओरडायचंही त्याने सोडून दिलं. हिसक्याने ते झालं की तसंही झालंच असतं, हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला त्यांनी हिसक्याला दोष दिला असता तर आवडलं असतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तात्यांनी सहीच्या कागदातली प्रत्येक ओळ मला दोनदा वाचायला लावली. त्यात लिहिलं होतं की पायाची ताकद परत येईलच, याची हमी नाही.

"हमी न्हाय म्हंतोय, म्हंजे माणूस खरा हाय," ते म्हणाले आणि सही केली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी अंगठा उचलायला सांगितला. आम्ही चौघं, म्हणजे काकू, मेव्हणा, डॉक्टर आणि मी, खाटेच्या पायथ्याशी उभे राहून एका अंगठ्याकडे बघत होतो. काही झालं नाही.

"किती दिवस?" तात्यांनी विचारलं.

"महिने म्हणा. नस फार सावकाश सावरते. कदाचित पूर्ण नाहीच."

"रोज किती?"

"केसभर धरा."

"केस मोजायची साखळी न्हाय माझ्याकडं," तात्या म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ज्याने चाळीस वर्षं बांधाबांधाने चालून दुसऱ्यांच्या हद्दी ठरवल्या, त्याला उरलेलं आयुष्य पाय ओढत काढावं लागणार होतं की नाही, ते त्या अंगठ्यावर होतं.

घरी आल्यावर सकाळची पावलं पुन्हा सुरू झाली. पायाला आधाराचा पट्टा लावून, भिंतीला धरून. ठक, फट्. मी रोज वर बसून ऐकत असे आणि दिवसभरात कधीतरी खाली जाऊन सांगत असे, आज कसं वाजलं ते. त्यांनी मला सक्त ताकीद दिली होती की गोड बोलायचं नाही. मी बोललेही नाही. तीन महिने मी त्यांना रोज "फट्" एवढंच सांगत होते, आणि ते मान हलवून कॅलेंडरवर फुली मारत.

मग मला बारामतीच्या महाविद्यालयात जागा मिळाली आणि मी खोली सोडली. जाताना त्यांनी खोली पुन्हा मोजली. नऊ फूट दहा इंच. "तुमी काय कमी केली न्हाय," म्हणाले.

परवा सकाळी सहाला त्यांचा फोन आला. ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं होतं. पट्टा सुटला, असं काकूंनी मधे कळवलं होतं. अंगठा अजून पुरता उचलत नाही, असंही. तात्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"बाई, फोन फरशीवर ठेवतोय. दहा पावलं टाकतो. ऐका आन् सांगा."

मी गॅस बंद केला आणि फोन कानाशी घट्ट धरला. ठक. ठक. ठक. ठक. मग एक पाऊल घासलं, अगदी किंचित. मग पुन्हा ठक, ठक, ठक, ठक, ठक. दहा.

फोन उचलल्याचा आवाज आला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे काकूही गप्प असाव्यात. नाहीतर त्या घरात सकाळी सहाला एवढी शांतता नसते.

मला सांगवेना. वर्षभर माणूस केसाकेसानं चालला होता. पण मी म्हटलं, "पाचवं पाऊल घासलं, तात्या. बाकीच्यांत डावं कुठलं, उजवं कुठलं, मला कळलं नाही."

मग त्यांचा आवाज आला, मला तो दोन बोटं लांब झाल्यासारखा वाटला.

"पाचवं म्या मुद्दाम घासलं," ते म्हणाले. "आधी साखळी मोजून घेतली. आता बाकीची नऊ लिवून ठेवतो."